संयुक्त न्हाणीघर-शौचालय (कर्नाळा परिसर)

संयुक्त न्हाणीघर-शौचालय : अंघोळीची जागा, संडास आणि हात धुण्याचे बेसिन एकाच खोलीत असलेली रचना. रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गालगत कर्नाळा किल्ला व १९६८ मध्ये घोषित झालेले पक्षी अभयारण्य आहे. त्यांच्या आसपासच्या गावांत नव्याने बांधलेल्या घरांत व फार्महाउसांत आता बहुधा हीच रचना दिसते. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यामुळे खोली सुकणार कशी, हा इथल्या आखणीतला पहिला प्रश्न असतो. लादीचा रंग त्यानंतर येतो.

कोकणातल्या जुन्या घरांत न्हाणी मागीलदारी असे. चुलीवर किंवा बंबात पाणी तापे आणि सांडपाणी अळूला, केळीला जाई. संडास असलाच तर आवाराच्या कडेला, विहिरीपासून दूर. मुंबईच्या चाळीत मोरी खोलीतच, पण संडास मजल्याच्या टोकाला सामाईक. दोन्ही गोष्टी एका छपराखाली, एका दाराआड आल्या त्या ब्लॉकच्या (फ्लॅटच्या) राहणीबरोबर, आणि मुंबई-पनवेलहून त्या कर्नाळ्याकडे सरकल्या.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार स्वतंत्र न्हाणीघराला किमान १.८ चौ.मी. व स्वतंत्र संडासाला १.१ चौ.मी. जागा लागते; संयुक्त खोलीला २.८ चौ.मी. आणि किमान १.२ मी. रुंदी. म्हणजे जागेची बचत नाममात्रच. वाचतात त्या एक भिंत, एक दार आणि थोडी पाइपलाइन. उलट एकजण अंघोळीला गेला की बाकीच्यांचा खोळंबा होतो. घरात पाच-सहा माणसे आणि अशी एकच खोली असेल, तर दोन्ही वेगळी ठेवणेच शहाणपणाचे. जोडप्याच्या किंवा वृद्धांच्या घरात मात्र संयुक्त रचना सोयीची ठरते, कारण आधाराची दांडी, गरम पाणी आणि संडास हाताच्या अंतरावर राहतात. अशा खोलीचे दार बाहेर उघडणारे असावे. आत कोणी घसरून पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगावर अडते.

साधारण १.२ × २.४ मी.च्या लांबट खोलीत दाराशी बेसिन, मध्ये कमोड आणि टोकाला खिडकीखाली अंघोळ, हा क्रम सर्वांत उपयोगी. अंघोळीचा भाग दोनेक सेंमी. खाली घेऊन मध्ये कडप्प्याची पट्टी बसवली की कमोडभोवतालची लादी कोरडी राहते. तळाला नाहणी ट्रॅपकडे मीटरमागे सुमारे दीड सेंमी. ढाळ द्यावा लागतो. ढाळ चुकला की त्याची खूण ठरलेली : कमोडच्या मागच्या कोपऱ्यात बोटभर पाणी साचते आणि श्रावणापर्यंत तिथले सांधे काळे पडतात. तो कोपरा खराट्याने घासून उजळत नाही. लादी उखडावीच लागते. म्हणून लादी बसण्यापूर्वी कोब्यावर बादलीभर पाणी ओतून ते कुठे धावते हे मालकाने उभे राहून पाहावे. वॉटरप्रूफिंगनंतर ट्रॅपचे तोंड बंद करून तळात दोन दिवस पाणी भरून ठेवतात आणि खालच्या छताला ओल येते का ते तपासतात. ही चाचणी घाईत वगळली जाते, आणि गळतीचा सर्वाधिक खर्च तिथेच उगवतो.

खिडकी बाहेरच्या हवेत उघडणारी हवी. संहितेतही असा झरोका सांगितला आहे. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असल्याने एक्झॉस्ट पंखा जोडीला लागतोच. गॅस गीझर या खोलीच्या आत बसवू नये. बंद जागेत तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि अंघोळ करणाऱ्याची शुद्ध हरपून जीवही जाऊ शकतो. अशा मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. विजेच्या गीझरला अर्थिंग व ईएलसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवेच.

सजावटीत पायाखाली खडबडीत लादी, भिंतीला फिकट गुळगुळीत लादी, सांध्यांत इपॉक्सी ग्राउट. लाकडी दार पावसात फुगते, म्हणून पीव्हीसी किंवा फायबरचे दार. फ्लशची टाकी ३ व ६ लिटरची दुहेरी असावी; एप्रिल-मेमध्ये टँकरवर दिवस काढणाऱ्या वस्तीत हा फरक रोज जाणवतो.

गटारयोजना नसलेल्या गावात मैलापाणी सेप्टिक टँक व शोषखड्ड्यात जाते. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मी. दूर असावा, असे भारतीय मानक सांगते. मुसळधार पावसात जमीन पाण्याने तुडुंब भरते, खड्डा शोषत नाही आणि पाणी उलट चढते. म्हणून अंघोळीचे पाणी टँकमध्ये न सोडता वेगळ्या नळीने झाडांना द्यावे. जुन्या न्हाणीची ही रीत आजही तितकीच खरी आहे.

कर्नाळ्याच्या डोंगरांच्या पायथ्याशी ठाकर व कातकरी आदिवासींच्या वाड्या आहेत. २०१४ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानातून घरामागे १२,००० रुपयांचे अनुदान मिळाले, पण ते शौचालयापुरते. अंघोळीचा आडोसा त्यात धरलेला नव्हता. संयुक्त खोलीची खरी गरज अशाच घरांतल्या बायकांना आहे, कारण साडीचा किंवा गोणपाटाचा आडोसा करून उघड्यावर अंघोळ करावी लागणे हाही अवमानच आहे. ओडिशातील ग्राम विकास या संस्थेने १९९० च्या दशकापासून हे दोन्ही एकत्र धरले : गावातले प्रत्येक घर सहभागी झाल्यावरच काम हाती घ्यायचे, आणि प्रत्येक घराला संडास, न्हाणीघर व तीन नळ द्यायचे. त्यांतला एक नळ संडासात, एक न्हाणीत आणि एक स्वयंपाकघरात.