मल्टिपल स्क्लेरोसिस : प्रारंभीच्या निदानात मेंदूच्या एमआरआयचे महत्त्व

एका डोळ्याने अचानक अंधुक दिसू लागणे, हातापायांत मुंग्या येणे किंवा चालताना तोल जाणे ही लक्षणे अनेकदा काही आठवड्यांत आपोआप कमी होतात आणि रुग्ण ती विसरूनही जातो. मात्र मल्टिपल स्क्लेरोसिस या विकाराची ही पहिली खूण असू शकते. हा विकार मुख्यत्वे २० ते ४० वर्षे या वयोगटात सुरू होतो. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण अधिक आहे.

या विकारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू, मेरुरज्जू आणि नेत्रतंतूंमधील मज्जातंतूंवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. आवरण नष्ट झाले की संदेशवहन मंदावते. फ्रान्सचे मज्जातंतुतज्ज्ञ जाँ-मार्तां शार्को यांनी १८६८ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले होते. परंतु जिवंत रुग्णाच्या मेंदूतील हे व्रण स्पष्टपणे पाहणे एमआरआयमुळे १९८१ पासून शक्य झाले.

एमआरआयमध्ये क्ष-किरणांचा वापर होत नाही. प्रबळ चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीरातील पाण्याच्या रेणूंमधून मिळणाऱ्या संकेतांचे चित्र तयार केले जाते. व्रण त्यात पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात. शिरेतून गॅडोलिनियम हे द्रव्य दिल्यास ताजे, दाहयुक्त व्रण उजळून दिसतात. त्यामुळे जुने आणि नवे व्रण एकाच तपासणीत वेगळे ओळखता येतात.

२००१ मध्ये तयार झालेल्या मॅक्डॉनल्ड निकषांचा आधार हाच आहे. विकार मज्जासंस्थेत एकाहून अधिक ठिकाणी आणि एकाहून अधिक वेळा उद्भवल्याचा पुरावा त्यात एमआरआयमधूनही ग्राह्य मानला गेला. त्यामुळे दुसऱ्या झटक्याची वाट पाहण्याची गरज कमी झाली. २०१७ आणि २०२४ मधील सुधारणांनी निदान आणखी लवकर करणे शक्य झाले आहे.

पहिल्या तपासणीचे महत्त्व लंडनमधील एका दीर्घ अभ्यासातून दिसून आले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिला झटका आलेल्या रुग्णांचा सुमारे २० वर्षे मागोवा घेण्यात आला. सुरुवातीच्या एमआरआयमध्ये व्रण आढळलेल्यांपैकी ८२ टक्के रुग्णांना पुढे हा विकार झाला. ज्यांचा एमआरआय निर्दोष होता, त्यांच्यात हे प्रमाण २१ टक्के होते.

भारतात हा विकार दुर्मीळ समजला जात असे. मुंबईचे ज्येष्ठ मज्जातंतुतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० मध्ये मुंबई व पुण्यातील पारशी समाजाविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या समाजात विकाराचे प्रमाण दर लाखामागे वीसहून अधिक असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. एमआरआयचा प्रसार झाल्यानंतर देशाच्या अन्य भागांतही रुग्ण आढळू लागले.

तथापि, प्रत्येक पांढरा ठिपका म्हणजे हा विकार नव्हे. क्षयरोग, अर्धशिशी आणि रक्तवाहिन्यांचे विकार यांतही असे ठिपके दिसू शकतात. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा विकार तर लक्षणांनीही साधर्म्य दाखवतो. मल्टिपल स्क्लेरोसिसवरील काही औषधे त्यात अपायकारक ठरतात. २००४ मध्ये शोध लागलेल्या प्रतिपिंडाच्या रक्तचाचणीने हा फरक ओळखण्यास मदत होते.

छत्तीसगडमध्ये रायपूर येथे २०१२ मध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. राज्यातच प्रगत उपचार मिळावेत, हा तिच्या स्थापनेमागील हेतू आहे. मात्र यंत्र उपलब्ध असले तरी पहिले लक्षण ओसरल्यावरही रुग्णाने तज्ज्ञांकडे जाणे आवश्यक असते. गेलेले मायलिन पूर्णपणे परत मिळवून देणारा उपचार अद्याप नाही. नवे झटके कमी करणारी औषधे आहेत आणि ती लवकर सुरू केल्यास अधिक लाभ होतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये या विकाराचा समावेश आहे. १९८५ मध्ये मुंबईत स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था रुग्ण व कुटुंबीयांना मार्गदर्शन करते.