१९९१ : आपल्या बॅचचं वर्ष



मार्च १९९१ मध्ये आपण दहावीची परीक्षा दिली. सहल, गॅदरिंग आणि छड्या यांच्याबद्दल लिहिणारे या स्मरणिकेत पुष्कळ असतील. मी त्या एका वर्षाबद्दल लिहिणार आहे. त्या वर्षी मी वर्गात एक खोटं बोलत होते, आणि ते का बोलले हे कळायला मला पुढे बराच इतिहास वाचावा लागला.

आपल्या इतिहासाच्या बाई फळ्यावर मधोमध उभी रेघ मारायच्या. डावीकडे ‘कारणे’, उजवीकडे ‘परिणाम’. त्याच पद्धतीने सांगते.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवलं. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी तेव्हा आखातात होतं. माझे बाबा कुवेतला एका गॅरेजमध्ये फिटर होते. सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना दोनेक महिन्यांत तिथून मायदेशी आणलं गेलं. बहुतेकांना आधी इराकमधून जॉर्डनमधल्या अम्मानपर्यंत खुष्कीने जावं लागलं, मग तिथून एअर इंडियाचं विमान. बाबा सप्टेंबरात आले ते एक पिशवी घेऊन. पगार थकलेला, आणि जवळच्या दिनारच्या नोटा इथे कोणी बदलून देईना. वर्गात मी सांगितलं, “बाबा रजेवर आलेत.” परीक्षा संपेपर्यंत ती रजा काही संपली नाही.

जे आमच्या घरात झालं तेच देशाच्या तिजोरीत होत होतं. तेल महागलं, त्यामुळे आयातीचं बिल फुगलं. आखातातून घरोघरी येणारा पैसा आटला. परदेशस्थ भारतीयांनी इथल्या बँकांत ठेवलेल्या ठेवी काढून घ्यायला सुरुवात केली. अर्थात सगळं युद्धावर ढकललं असतं तर बाईंनी अर्धे गुण कापले असते. १९८० च्या दशकात सरकारचा खर्च उत्पन्नापेक्षा बराच जास्त होता आणि परदेशातून अल्प मुदतीची कर्जं घेतली जात होती. घर आधीच उधारीवर चालत होतं; युद्धाने फक्त दुकानदाराला दारात आणून उभं केलं.

त्यातच दिल्लीत सरकार टिकेना. काँग्रेसच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या चंद्रशेखर यांनी ६ मार्चला राजीनामा दिला. त्या वर्षी पूर्ण अर्थसंकल्पही मांडता आला नव्हता. निवडणुका सुरू झाल्या आणि २१ मे रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. २१ जूनला पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले. रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेलेले आणि ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेणारे हे गृहस्थ त्या निवडणुकीत उभेही नव्हते. त्यांच्या हाती आली तेव्हा परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती.

मग तो निर्णय झाला. त्याची सुरुवात आधीच्या सरकारच्या काळातच झाली होती. मे महिन्यात तस्करांकडून जप्त केलेलं २० टन सोनं पुन्हा विकत घेण्याच्या बोलीवर परदेशी बँकेला दिलं गेलं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने बँक ऑफ इंग्लंडकडे गेलं. त्या तारणावर सुमारे ४० कोटी डॉलर उभे राहिले. याच जुलैच्या १ आणि ३ तारखेला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि २१ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २६ च्या घरात गेला.

सोन्याची बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा लोक हळहळले, संतापले. देशाची लाज गेली, असं आमच्या ओटीवर बसलेले शेजारी म्हणाले. आई भाकऱ्या थापत होती. तिने आतूनच विचारलं, “गहाणच टाकलंय ना? विकलं नाही ना?”

ओटीवरचं कोणी काही बोललं नाही. आईच्या पाटल्या जानेवारीपासून सराफाकडे होत्या. परीक्षेची फी, किराणा आणि नंतर माझा अकरावीचा प्रवेश, सगळं त्यावर भागलं होतं. पावती आणायला तिच्याबरोबर मीच गेले होते, आणि वाटेत वर्गातलं कोणी दिसू नये म्हणून मागच्या पाखाडीने गेलो होतो.

आता उजवी बाजू. २४ जुलैला मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला. त्याच दिवशी नवं औद्योगिक धोरण आलं. १८ उद्योग सोडून बाकीच्यांना परवान्याची अट राहिली नाही. पेट्रोल आणि गॅस महागले. खतांचे भाव ४० टक्क्यांनी वाढवले, ओरड झाल्यावर ही वाढ ३० टक्क्यांवर आणली. पुढे आपल्यापैकी कुणी कॉम्प्युटर शिकून पुण्याला गेलं, कुणाच्या वडिलांचा कारखाना नव्या स्पर्धेत बंद पडला. परिणामांच्या रकान्यात दोन्ही लिहावं लागेल.

देशाने गहाण टाकलेलं सोनं त्याच वर्षअखेरीपर्यंत सोडवलं. २००९ मध्ये तर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोनं विकत घेतलं. आमच्या पाटल्या १९९४ साली सुटल्या, बाबा पुन्हा कुवेतला गेल्यानंतर. सराफाने त्या तोलून परत दिल्या तेव्हा आईने तिथेच हातात घातल्या आणि बाजारातून पुढच्या रस्त्याने घरी आली.

मी आज बँकेत सोनेतारण विभागात काम करते. समोरची बाई बांगड्या उतरवताना इकडेतिकडे बघते, तेव्हा मी माझी नजर वजनकाट्यावर ठेवते. अजून कुणी विचारलं नाही, पण विचारलं तर सांगेन की गहाण टाकणं ही लाज नव्हे. ते सोडवायचं आहे हे विसरू नये, इतकंच.

बाई, त्या वर्षी मी वर्गात खोटं बोलले. आपल्या वर्गात ‘रजेवर’ आलेले आणखी किती बाबा होते? भेटू तेव्हा एकमेकांना सांगू.