छोट्या फ्रिजचं कूळ

१८३४ साली तीन ठिकाणी तीन गोष्टी घडल्या. लंडनमध्ये जेकब पर्किन्स या साठी ओलांडलेल्या अमेरिकन यंत्रकाराने बर्फ तयार करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. फ्रान्समध्ये घड्याळाचा धंदा सोडून विज्ञानाकडे वळलेल्या जाँ पेल्तिएने दाखवून दिलं, की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यांतून वीज वाहू लागली की एक सांधा तापतो आणि दुसरा गार पडतो. आणि मुंबईच्या बंदरात अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांतून कापून आणलेला बर्फ उतरला. जमशेटजी जीजीभाईंनी तो मेजवानीत वापरून आइस्क्रीम वाढलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने छापली.

पर्किन्स आणि पेल्तिए या दोघांचे वंशज आज दुकानात शेजारी शेजारी मांडलेले असतात. चाळीस-पन्नास लिटरच्या चौकोनी पेट्या, गुडघ्यापर्यंत उंचीच्या, कुणी त्यांना मिनी फ्रिज म्हणतं, कुणी बार फ्रिज. त्यांच्यात तिसरंही एक घराणं मिसळलेलं असतं, ते स्टॉकहोमचं. दार बंद असताना तिघांत फरक दिसत नाही, त्यामुळे बहुतेक लोक किंमत आणि रंग बघून निवडतात. मला वाटतं, या खरेदीत आधी कूळ विचारावं. पेटी थंड कशामुळे होते, एवढ्या एका प्रश्नावर वीजबिल, आवाज, टिकाऊपणा आणि मे महिन्यात आतल्या दुधाचं काय होणार, हे सगळं ठरतं.

मूळ तत्त्व आपल्या माठात आहे. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते आतल्या पाण्यातूनच घेतं. म्हणून नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हात माठ उत्तम चालतो आणि रत्नागिरीच्या दमट हवेत तो मवाळ पडतो. गुजरातेत वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींनी याच तत्त्वावर मातीचा ‘मिट्टीकूल’ फ्रिज बनवला. त्याला वीज लागत नाही, पण पाणी रोज भरावं लागतं आणि हवेतला दमटपणा त्याच्यावरही तसाच राज्य करतो.

पाण्याऐवजी झटकन उडून जाणारा द्रव घेतला, तर गारवा वाढतो. विल्यम कलन यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात स्कॉटलंडमध्ये ईथर निर्वातात उकळवून थोडा बर्फ करून दाखवला होता. पण ईथर उडून जात होतं. पर्किन्सची खरी करामत अशी, की त्याने ती वाफ वाया जाऊ दिली नाही. पंपाने ओढून घ्यायची, दाबून पुन्हा द्रव करायची, द्रव पुन्हा उकळू द्यायचा. माठ रोज भरावा लागतो, हा माठ स्वतःचं पाणी स्वतःच परत भरतो. आपल्या स्वयंपाकघरातला फ्रिज आजही नेमकं हेच करतो. पर्किन्सने मात्र त्याचा धंदा केला नाही.

तो केला जेम्स हॅरिसन या पत्रकाराने, ऑस्ट्रेलियात. स्कॉटलंडहून आलेला हॅरिसन जिलाँग गावात वर्तमानपत्र चालवायचा. छापखान्यातले खिळे ईथरने पुसताना धातू गार पडतो हे त्याच्या ध्यानात आलं, असं सांगतात. १८५० च्या दशकात बारवन नदीच्या काठी त्याने बर्फाचं यंत्र उभं केलं, इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं, आणि बेंडिगो या सोन्याच्या खाणींच्या गावातल्या बिअरच्या कारखान्याने त्याचं यंत्र घेतलं. पुढे म्युनिकच्या स्पाटन ब्रुअरीसाठी कार्ल फॉन लिंडेने शीतयंत्रं बसवली, तीही बिअरसाठीच. थंडाव्याच्या यंत्राला पहिली भक्कम गिऱ्हाइकं मिळाली ती दारूच्या धंद्यात. आज घरात पेयांसाठी छोटा फ्रिज घेणारा माणूस या इतिहासाच्या अगदी मूळ धारेतच उभा आहे.

हॅरिसनचं पुढे वाईट झालं. १८७३ साली त्याने ‘नॉरफोक’ जहाजातून गोठवलेलं मांस लंडनला पाठवलं. जहाजावर यंत्र न ठेवता बर्फाने भरलेल्या खोलीवर तो विसंबला. बर्फ वाटेतच संपला, मांस सडलं आणि हॅरिसन बुडाला. काही वर्षांतच दुसऱ्यांनी तोच प्रवास यशस्वी करून दाखवला. थंडीच्या इतिहासातला हा माणूस मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण ज्या यंत्रावर त्याने आयुष्य घातलं, ते एकदाच बाजूला ठेवलं आणि नेमका तिथेच तो फसला.

कारखान्यातलं हे यंत्र घरात यायला आणखी पन्नास वर्षं गेली. अडचण आकाराची होती, त्याहून मोठी विषाची. तेव्हाच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असे वायू खेळायचे. पट्ट्यावर फिरणारी मोटर आणि पंप यांच्या सांध्यांतून ते गळायचे. बर्लिनमध्ये एका कुटुंबाचा फ्रिजच्या वायूने झोपेतच बळी गेल्याची बातमी वाचून अल्बर्ट आइन्स्टाइन अस्वस्थ झाले. लिओ झिलार्ड या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९२६ पासून काही वर्षं फ्रिजच्या नव्या रचनांवर काम केलं आणि अनेक पेटंटं घेतली. फिरता भागच नसला तर गळणार काय, हा त्यांचा विचार होता. त्यांचा विद्युतचुंबकीय पंप फ्रिजसाठी फार आवाज करायचा. पुढे त्याच जातीचे पंप अणुभट्ट्यांत वितळलेला धातू फिरवायला उपयोगी पडले.

बाजाराने दोन सोपे मार्ग धरले. जनरल इलेक्ट्रिकने १९२७ मध्ये आणलेल्या ‘मॉनिटर टॉप’मध्ये मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच पोलादी डब्यात कायमचे बंद केले होते आणि तो गोल डबा कपाटाच्या डोक्यावर बसवला होता. हे फ्रिज दहा लाखांहून जास्त खपले. आजच्या प्रत्येक कॉम्प्रेसरवाल्या छोट्या फ्रिजच्या पाठीमागे, तळाशी जो काळा गोळा दिसतो, तो याच डब्याचा वारसदार. १९५८ साली गोदरेजने भारतात फ्रिज बनवायला घेतले ते याच जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्याने, म्हणजे हे घराणं आपल्या मुंबईत थेट पोचलं.

दुसरा मार्ग बिनविषारी वायूचा. १९२८ मध्ये थॉमस मिजलीच्या चमूने फ्रेऑन शोधला. तो जळत नाही, विषारी नाही, हे दाखवायला मिजलीने भर सभेत तो छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवली. माणसाला निरुपद्रवी असलेला हा वायू ओझोनचा थर खातो हे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं, आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू गेला. आता बहुतेक नव्या घरगुती फ्रिजमध्ये आर-६०० ए, म्हणजे आयसोब्यूटेन असतो. हा आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊबंद. छोट्या फ्रिजमध्ये तो मोजक्या ग्रॅमच असतो, घाबरायचं कारण नाही. फक्त नळी जोडायला येणाऱ्या मिस्त्रीला हा वायू पेट घेतो हे माहीत असायला हवं.

आता स्टॉकहोम. १९२२ साली तिथल्या तंत्रविद्यालयात बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स हे पंचविशीच्या आसपासचे दोन विद्यार्थी होते. त्यांनी केलेला फ्रिज मला या साऱ्या कथेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. त्यात पंप नाही, मोटर नाही, हलणारं काहीच नाही. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन एका बंद नळीत असतात. खाली उष्णता दिली की पाण्यात विरघळलेला अमोनिया बाहेर पडतो, वर जाऊन द्रव होतो, मग हायड्रोजन भरलेल्या भागात उतरतो. तिथे अमोनियाचा स्वतःचा दाब एकदम कमी होतो, म्हणून तो उकळतो आणि गारवा देतो. एकूण दाब सगळीकडे सारखाच राहतो, त्यामुळे ढकलायला पंप लागतच नाही. नंतर पाणी त्याला पुन्हा पिऊन घेतं. आग लावून गारवा मिळवायचा, हे ऐकायला उलटं वाटतं, पण ते अगदी चोख चालतं.

१९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्सने हा शोध घेतला. उष्णता कुठूनही द्या, गॅसच्या ज्योतीने, रॉकेलच्या वातीने किंवा विजेच्या तारेने. म्हणून वीज न पोचलेल्या देशोदेशींच्या दवाखान्यांत रॉकेलवर चालणाऱ्या अशा फ्रिजांनी कित्येक वर्षं लसी सांभाळल्या. मुंटर्सचं डोकं तेवढ्यावर थांबलं नाही. फुगवलेल्या पॉलिस्टायरीनवरच्या सुरुवातीच्या पेटंटांतही त्याचा हात आहे. ससून डॉकवर मासळी ज्या पांढऱ्या खोक्यांत भरतात, त्या पदार्थाच्या जन्मकथेतही तो आहे.

हॉटेलांनी हा फ्रिज उचलला तो शांततेसाठी. रात्री पाहुण्याच्या उशाशी कॉम्प्रेसर गुरगुरलेला चालत नाही. १९७४ मध्ये हाँगकाँगच्या हिल्टन हॉटेलने खोल्याखोल्यांत पेयांनी भरलेले छोटे फ्रिज ठेवले आणि मिनीबार जगभर पसरला. घरातही बार फ्रिज असावा ही हौस बऱ्याच अंशी त्या खोल्यांतून आली. मात्र हॉटेलची खोली वातानुकूलित असते आणि बिल कुणी दुसरं भरतं. चांदवडच्या किंवा चंद्रपूरच्या घरात, पंख्याखाली, हा फ्रिज पूर्ण वेळ तापत राहतो आणि तरी आत हवी तशी थंडी देत नाही. त्यातला ६० वॉटचा हीटर अखंड चालला, तर दिवसाला जवळजवळ दीड युनिट जातं, म्हणजे वर्षाला पाचशेच्या वर.

पेल्तिएचं घराणं शंभर वर्षं नुसतं पुस्तकात होतं. धातूंच्या सांध्यातला गारवा फारच थोडा. विसाव्या शतकाच्या मध्यात अब्राम योफे यांनी लेनिनग्राडमध्ये अर्धवाहकांचा मार्ग दाखवला, बिस्मथ टेल्युराइड सापडलं, आणि काडेपेटीएवढ्या चकतीने डबा गार करता येऊ लागला. या चकतीची एक बाजू थंड होते, दुसरी तापते, तापलेली बाजू पंख्याने निववायची.

या घराण्याची सर्वांत जिवंत घटना आपल्या मराठवाड्यातली आहे. २००८ साली गोदरेजच्या माणसांनी उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात, शेकडो बायकांना एकत्र बोलावून त्यांना कसा फ्रिज हवा हे विचारलं. त्यातून ‘छोटूकूल’ आला. वरून उघडणारी ४३ लिटरची पेटी, आठ किलोच्या आत वजन, १२ व्होल्टवर चालणारी, कॉम्प्रेसर नाही. वरून उघडण्यामागे शहाणपण होतं, थंड हवा जड असते, झाकण उचललं तरी ती सांडत नाही. वीज गेली तर बॅटरीवर चालावा, घर बदललं तर उचलून नेता यावा. किंमत सव्वातीन हजारांच्या घरात होती. फ्रिज नसलेल्या घरासाठी फ्रिज कसा असावा हे त्या घरातल्या बाईलाच विचारलं गेलं, याचं मोल मला फार वाटतं. पण तिला हवा होता तो मोठा, बर्फ करणारा, पाहुण्यांना दिसणारा फ्रिज. हप्त्यांवर तो मिळू लागला, तेव्हा गावांनी तोच घेतला. छोटूकूलला गिऱ्हाईक मिळालं ते गाडीत, टपरीवर आणि शहरात.

याच जातीच्या स्वस्त पेट्या आज सर्वांत कमी किमतीला मिळतात. त्या घेताना एक गोष्ट विसरू नये. ही पेटी बाहेरच्या हवेपेक्षा साधारण वीसेक अंशच खाली जाते. डिसेंबरात पुण्यात ती झकास. मे महिन्यात अमरावतीत बाहेर ४३ असताना आत विशीच्या वर राहिली, तर दूध नासणारच. क्रीम, फुलं, चॉकलेट, गाडीतलं पाणी यांसाठी ती ठीक आहे, अन्नासाठी आपल्याकडे नाही.

म्हणून कमी पैशांत घरासाठी घ्यायचा, तर पर्किन्सच्या घराण्यातला, कॉम्प्रेसरवाला घ्यावा. दुकानात पेटी फिरवून मागे बघावं. काळा गोळा दिसला तर कॉम्प्रेसर, नुसता पंखा दिसला तर पेल्तिए, आणि दोन्ही नसून जाड वळणदार नळ्या दिसल्या तर स्टॉकहोम. मग लेबलावर वर्षाचे युनिट वाचावेत. इथे लोक हमखास फसतात, कारण पेटी लहान झाली म्हणून वीज त्या प्रमाणात कमी होत नाही. लहान पेटीला आतल्या जागेच्या मानाने भिंती जास्त असतात, उष्णता त्यांतूनच आत येते. पन्नास लिटरच्या आणि एकशेऐंशी लिटरच्या फ्रिजचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. खोलीत जागा असेल तर मोठाच घेणं अनेकदा शहाणपणाचं ठरतं. जागा नसेल, तरच लहान.

पुष्कळ छोट्या फ्रिजांत गरम नळ्या बाजूच्या पत्र्याआड लपवलेल्या असतात. बाजू तापलेली लागली तर तो बिघाड नव्हे. फ्रिज भिंतीला किंवा कपाटात घट्ट चिकटवून ठेवला की मात्र बिघाड दूर नाही. टेम्पोतून आडवा आणला असेल तर काही तास उभा ठेवून मगच लावावा, कॉम्प्रेसरचं तेल खाली उतरायला वेळ लागतो.

आजीआजोबांच्या खोलीत इन्सुलिनसाठी हा फ्रिज घेणारी घरं वाढत आहेत आणि तिथे सर्वांत जास्त काळजी हवी. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे आणि एकदा गोठलं की ते टाकूनच द्यावं लागतं. छोट्या फ्रिजात बर्फाचा खण आतच, उघडा असतो. त्याच्या खालची फळी कधी शून्याच्या खाली जाते, तर दारातले कप्पे प्रत्येक उघडझापीला तापतात. कुपी मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला, डब्यात घालून ठेवावी, आणि शेजारी एक साधा थर्मामीटर. फ्रिज आणल्यावर पहिले काही दिवस तो सकाळी एकदा आणि भर दुपारी एकदा वाचावा, आणि आकडा पाहून बटण फिरवावं.