प्रस्तावना: पेशी आणि तिचा शेजार

कर्करोगाची पेशी एकटी वाढत नाही, त्वचेत तर नाहीच. तिच्या अवतीभोवती केराटिनोसाइट पेशींचे थर असतात. खाली आधारपटल असते आणि त्याच्याही खाली कोलॅजनच्या तंतूंचे दाट जाळे. त्या जाळ्यात फायब्रोब्लास्ट, रक्तवाहिन्या, प्रतिकारपेशी असा सगळा गोतावळा नांदतो. तरीही कित्येक दशके बहुतेक प्रयोग झाले ते प्लास्टिकच्या सपाट बशीवर पसरलेल्या पेशींवर. बशीत पेशी चपटी होते. तिला खालून प्लास्टिक आणि वरून पोषणद्रव. अन्न, ऑक्सिजन आणि औषध प्रत्येकीला जवळपास सारखेच आणि एकदमच मिळते. अशा बशीत एखाद्या औषधाने पेशी पटापट मेल्या, म्हणून रुग्णाच्या अंगात त्या तशाच मरतील असे नाही. पेशीला तिचा शेजार थोडाफार तरी परत देऊन मग प्रश्न विचारायचा, एवढ्यासाठी जेलमधले त्रिमित संवर्धन करतात. या पुस्तकाचा विषय तोच आहे.

वाचकांपैकी बरेच जण घोटी-इगतपुरी-नाशिक पट्ट्यातले असतील असे धरून चाललो आहे. आमच्याकडे टिश्यू कल्चर म्हटले की केळीची रोपे डोळ्यांपुढे येतात, आणि त्यात वावगे काही नाही. माणसाच्या पेशी बाहेर वाढवण्याची विद्याही महाराष्ट्राला नवी नाही, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ. त्यांनी आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली एका निबंधात चालीरीतींशी जोडलेल्या कर्करोगांचे वर्णन केले. त्यातला एक ‘धोतर-कॅन्सर’ म्हणून ओळखला जातो. धोतर वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट आवळायचे, तिथे घाम आणि घर्षण. कातडी आधी काळवंडते, मग जाड होते, पुढे न भरणारी जखम होते आणि क्वचित कुणाच्या बाबतीत त्या जखमेतून शल्कपेशींचा कर्करोग उभा राहतो. साडीच्या किंवा परकराच्या नाडीखाली असेच घडलेले रुग्ण पुढे नोंदले गेले. काश्मीरमध्ये फेरनच्या आत पोटाशी कांगडी धरणाऱ्यांच्या कातडीचा कर्करोग तर एकोणिसाव्या शतकापासूनच माहीत होता. खानोलकरांचे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. कर्करोग ‘कुठे’ उगवला याकडे त्यांनी इतके बारकाईने पाहिले की भोवतालच आरोपी म्हणून पुढे आला. वण पडलेल्या, ताठर झालेल्या कोलॅजनमध्ये राहणाऱ्या पेशीचे वागणे का बदलते, हा प्रश्न त्या काळी फक्त सूक्ष्मदर्शकाखालच्या मृत चकत्यांना विचारता येत होता. आज कोलॅजनचे प्रमाण कमी-जास्त करून मऊ किंवा ताठर जेल बनवता येते आणि तोच प्रश्न जिवंत पेशीला विचारता येतो.

१९५२ साली मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे १९१७ साली पुण्यात जन्मल्या, माहेरच्या समर्थ. डॉक्टरेटनंतर त्यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केले. हेन्रिएटा लॅक्स या रुग्णेच्या पेशींपासून १९५१ साली ‘हेला’ ही पेशीशृंखला तयार झाली ती याच प्रयोगशाळेत. मायदेशी परतल्यावर १९६०च्या दशकात कमलताईंनी मुंबईच्या त्या केंद्रात देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. ते केंद्र पुढे वाढत, नाव बदलत टाटा मेमोरियलच्या छत्राखाली आले आणि आज खारघरला ‘ॲक्ट्रेक’ म्हणून चालते. पेशीशृंखला जतन करून संशोधकांना पुरवणारे राष्ट्रीय केंद्र पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आहे. कमलताईंनी निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचे काम केले. म्हणजे कळसूबाईच्या पलीकडच्या अंगाला, घोटीहून बारीच्या वाटेने गेले की जो मुलूख लागतो, तिथे. इथल्या मुलामुलींनी या क्षेत्रात बिचकत येण्याचे काही कारण नाही ते म्हणूनच.

जेलचा इतिहास थोडा उलटा आहे. रॉस हॅरिसन यांनी १९०७ साली बेडकाच्या भ्रूणातले मज्जातंतू शरीराबाहेर वाढवले ते गोठलेल्या लसिकेच्या थेंबात. म्हणजे या शास्त्राची सुरुवातच त्रिमित होती. सपाट काच आणि मग प्लास्टिक आले ते सोयीसाठी. मोजायला, फोटो काढायला आणि हजारो बशा एकदम लावायला ते बरे पडले. सगळ्यांनीच मात्र सपाट वाट धरली नाही. जोसेफ लेटन यांनी १९५१ मध्ये स्पंजच्या छिद्रांत पेशी वाढवून पाहिल्या. एल्सडेल आणि बार्ड यांनी १९७२ साली कोलॅजन जेलमधल्या पेशींचे वागणे मांडले. यूजीन बेल यांनी १९७९ मध्ये दाखवले की जेलमध्ये सोडलेले फायब्रोब्लास्ट तंतू ओढून-ओढून सगळे जेलच आक्रसून टाकतात. दोन वर्षांत त्याच जेलवर केराटिनोसाइट पसरून कामचलाऊ त्वचाही तयार झाली. उंदराच्या एका अर्बुदापासून काढलेले, आधारपटलासारखे ‘मॅट्रिजेल’ याच सुमारास पुढे आले. मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींच्या कर्करोगाच्या, अभ्यासात फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेतल्या मीनहार्ड हर्लिन यांच्या गटाने गोलकांची पद्धत रुळवली. ती तुम्ही सर्वात आधी शिकाल, म्हणून तिच्याकडे थोडे जवळून पाहू.

खळग्यांच्या थाळीत ॲगरोजचा पातळ थर द्यायचा. हे ॲगरोज म्हणजे घरच्या चायनाग्रासचाच शुद्ध केलेला भाग. त्याला पेशी चिकटत नाहीत, मग नाइलाजाने एकमेकींना धरतात आणि दोन-तीन दिवसांत गोलक होतो. दुसरीकडे कोलॅजन बर्फात ठेवलेले असते. ते उंदराच्या शेपटीतल्या कंडरांतून काढून सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळवलेले असते. थंडीत आणि आम्लात ते पातळ राहते. त्यात पोषणद्रव मिसळून सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब-थेंब सोडत जायचे. फिनॉल रेडचा पिवळा रंग पालटून फिकट गुलाबी झाला की हात थांबवायचा. जांभळट झाला तर जास्त झाले. आता घाई. गोलक त्यात सोडायचे, बुडबुडा न आणता खळग्यात ओतायचे आणि थाळी ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. अर्ध्या तासात जेल धरते. गोलक तळाशी बसून पुन्हा प्लास्टिकला भिडू नये म्हणून आधी जेलचा एक रिकामा थर धरवून घेतात. ही पायरी कंटाळा करून गाळणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे निष्कर्ष वाचताना जरा जपून.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गोलकाच्या कडेने पेशी बाहेर सरकू लागतात. काही लांबट होऊन तंतू कापत वाट काढतात, तर काही गोलसर राहून मिळेल त्या फटीतून घुसतात. बशीवर ही दोन रूपे दिसतच नाहीत. आक्रमणाची एक वाट औषधाने अडवली तर पेशी दुसऱ्या रूपात शिरू शकते, हे जेलमध्येच उमगले. गोलकाच्या आत वेगळीच गोष्ट चालू असते. ऑक्सिजन साधारण शंभर-दोनशे मायक्रोमीटरपर्यंतच पोचतो. गोलक अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेला की मधला गाभा मरू लागतो, त्याच्या भोवती निपचित पेशींचा थर आणि कडेला भरभर वाढणाऱ्या. विभाजन होणाऱ्या पेशींनाच मारणारे औषध त्या निपचित थराचे फारसे काही करू शकत नाही, आणि रोग पुन्हा उलटतो तो बहुधा अशाच कोपऱ्यातून.

म्हणून जेल म्हणजे शरीर असे कुणी समजू नये. मॅट्रिजेलच्या दोन बाटल्यांतले घटक तंतोतंत सारखे नसतात. कोलॅजनच्या साध्या जेलमध्ये रक्ताभिसरण नाही, मज्जातंतू नाहीत आणि प्रतिकारपेशी तुम्ही घालाल तेवढ्याच. ‘त्रिमित’ हा शब्द छापला की निबंधाचे वजन वाढते अशी एक समजूत बोकाळली आहे. माझ्या मते ज्या प्रश्नाला बशी पुरते तिथे बशीच वापरावी. मात्र औषधे तपासण्यासाठी प्राण्यांऐवजी अशा पद्धती वापरायला कायद्यानेही वाट मोकळी केली आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि भारताने २०२३ मध्ये नियमांत तसे बदल केले. तेव्हा या कामाला माणसे लागणार, हे नक्की.

आता इथल्या प्रश्नाकडे. जगभरच्या फ्रीझरांत असलेल्या मेलॅनोमाच्या पेशीशृंखला बहुतांशी गोऱ्या त्वचेच्या रुग्णांच्या आहेत. उन्हाने होणारा, अंगा-पाठीवरच्या तिळासारखा दिसणारा तो रोग. आपल्याकडे मेलॅनोमा मुळात कमी, आणि होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली होतो. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्यात १९७७ साली सापडला तो याच जातीचा. १९८१ मध्ये तो गेला. या प्रकाराचा उन्हाशी फारसा संबंध नाही. गोऱ्या त्वचेच्या मेलॅनोमात वारंवार आढळणारा ‘बीरॅफ’ जनुकातला बदल इथे कमी दिसतो, म्हणून त्या बदलावर बेतलेली औषधेही कमी जणांना लागू पडतात. आवणीच्या दिवसांत महिनाभर चिखलात अनवाणी उभे राहणाऱ्या बाईच्या टाचेवरचा काळा डाग काट्याचा, भेगेचा की आणखी कशाचा, हे कुणी पाहतच नाही. चिखलाने मेलॅनोमा होतो असे मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण टाचेची कातडी जाड असते आणि चालताना सगळा भार तिच्यावर येतो. त्या दाबाखाली कोलॅजनमधली मेलॅनोमाची पेशी कशी वागते, हे जेल दाबून पाहता येते. असा प्रयोग परदेशातल्या संशोधकाला सुचेलही, पण आवणी पाहिलेल्याला तो लवकर सुचावा.

त्यासाठी रुग्णाची लेखी संमती आणि संस्थेच्या नीती समितीची मंजुरी आधी, चाकू नंतर. ऊतीचा तुकडा थंड पोषणद्रवात घालून लगोलग प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. घोटीहून महामार्गाने नाशिक जवळ, मुंबईही फार दूर नाही, तेव्हा ते जमण्याजोगे आहे. वीज जाते हा खरा त्रास आहे. इन्क्युबेटरला बॅटरीचा आधार नसेल तर पहिला खर्च त्यावर करा, महागडा सूक्ष्मदर्शक पुढच्या वर्षी. ॲगरोजवर गोलक करण्याची पद्धत दुसऱ्या प्रकरणात, कोलॅजन तिसऱ्यात आणि तळपायाच्या मेलॅनोमाचा प्रश्न सहाव्यात आहे. ज्यांना धीर निघत नाही त्यांनी थेट सहावे प्रकरण उघडावे. फक्त तोवर कोलॅजन बर्फाबाहेर काढू नये.