भरधाव वाहनाची फिर्याद व तिची सिद्धता

वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा करण्यात आला तो 1862 साली. भारतीय दंडसंहिता अमलात आली तीही त्याच वर्षीच्या 1 जानेवारीस. ही समवयस्कता योगायोगाची असली, तरी हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरसारख्या गावच्या रस्त्यावर कोणी बेफामपणे वाहन हाकले असता त्याविरुद्ध करावयाच्या फिर्यादीचा इतिहास पाहू जाता ती सोयीची ठरते. संहितेचे कलम 279 रचले गेले तेव्हा आजची मोटार जन्मास यावयाची होती. त्या वेळी रस्त्यावर होते ते घोडेस्वार, टांगे आणि आपल्याकडील कापसाच्या बंड्या व दमण्या. म्हणूनच त्या कलमात वाहन हाकण्याबरोबर स्वारी करण्याचाही उल्लेख आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 281 त्याच्या जागी आले. शिक्षा मात्र तीच राहिली. हजार रुपयांचे मोल दीडशेहून अधिक वर्षांत किती उतरले, हे वाचकांस सांगण्याची गरज नाही.

या कलमात वेगाचा निर्देश कोठेही नाही, ही गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे. हाकणे अविचाराचे वा हयगयीचे होते काय, आणि त्यामुळे जीवितास धोका किंवा कोणास इजा होण्याचा संभव होता काय, एवढेच तेथे विचारले आहे. असे असता आपल्याकडील फिर्यादींत ‘भरधाव वेगाने’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की, घडलेल्या प्रसंगाचे वर्णन त्याखाली दडपून जाते. कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या 1998 सालच्या निर्णयसंग्रहातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, वाहन वेगात होते एवढ्यावरून हयगय वा अविचार सिद्ध होत नाही, असे स्पष्ट केले. रस्त्याची रुंदी, माणसांची वर्दळ, वाहन कोणत्या बाजूने आले, हे साक्षीदाराने सांगितले नाही तर ‘भरधाव’ या एका शब्दावर खटला उभा राहत नाही. आणि राहू नये, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मोटारींसाठी अखिल भारतीय कायदा 1914 साली झाला; पुढे 1939 व 1988 साली नवे कायदे आले. 1988 च्या कायद्याने आरोपीस दोन महत्त्वाची संरक्षणे दिली आहेत. वेगमर्यादेच्या भंगाबद्दल केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावर दोषी ठरविता येत नाही. त्यास यंत्राने केलेल्या मापनाचा आधार लागतो. तसेच कलम 209 अन्वये, अतिवेग किंवा धोकादायक चालन यांबद्दल खटला होऊ शकेल अशी ताकीद जागच्या जागी दिलेली नसेल, तर चौदा दिवसांत नोटीस अथवा अठ्ठावीस दिवसांत समन्स बजावले गेले पाहिजे. नावपत्ता यथायोग्य प्रयत्नानेही वेळेत न मिळाल्यास, किंवा आरोपीच्याच वर्तनामुळे विलंब झाल्यास, ही अट लागू होत नाही. गावकऱ्याने वाहनाचा क्रमांक टिपून ठेवणे का महत्त्वाचे, ते यावरून ध्यानी येईल.

मोटारसायकलीवरील कसरतींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कलम 189 शर्यतीस व वेगाच्या चाचणीस प्रतिबंध करते, परंतु तेथील शब्द ‘मोटार वाहनांमधील’ अशा अर्थाचे आहेत. एकटाच तरुण पुढचे चाक उचलून धावला, तर ती शर्यत म्हणता येईल काय? बचावाचा पहिला मुद्दा हाच असतो, आणि तो पोकळ नाही. अशा वेळी धोकादायक चालनाचे कलम 184 किंवा संहितेचे कलम यांकडेच वळावे लागते. (विदर्भातील शंकरपटाची गोष्ट निराळी. 2014 साली त्यावर बंदी आली ती बैलांच्या छळाच्या कारणाने. आणि 18 मे 2023 रोजी महाराष्ट्राचा अनुमती देणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य मानला.)

2019 च्या दुरुस्तीने कलम 189 ची कैद एका महिन्यावरून तीन महिन्यांपर्यंत व दंड पाचशेवरून पाच हजारांपर्यंत वाढला. पुरावाही पालटला आहे. साक्षीदाराच्या डोळ्यांची जागा पुष्कळदा भ्रमणध्वनीतील चित्रफीत घेते. पण तीही आपोआप ग्राह्य होत नाही. जालना येथील निवडणुकीच्या वादातून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात, मूळ उपकरण न्यायालयापुढे न आणता केवळ प्रत आणली असेल तर तिच्याबरोबर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी ठरविले. मूळ दूरध्वनी साक्षीदाराने स्वतः हजर केला, तर हे प्रमाणपत्र लागत नाही.