४५ अक्षरांचा आजार: इंग्रजीतल्या सगळ्यात लांब शब्दामागची गोष्ट

आजचा एपिसोड एकाच शब्दावर आहे. श्वास भरून घ्या आणि माझ्याबरोबर म्हणा: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्हॉल्कॅनोकोनिओसिस.

जमलं? नसेल जमलं तरी हरकत नाही. "इंग्रजी डिक्शनरीतला सगळ्यात लांब शब्द कोणता?" या प्रश्नाचं उत्तर म्हणून हा शब्द तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. स्पेलिंगमध्ये ४५ अक्षरं आहेत. त्यात 'ओ' ९ वेळा येतो, 'सी' ६ वेळा आणि 'आय'सुद्धा ६ वेळा. आणि इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरलं जाणारं अक्षर, म्हणजे 'ई', ते बिचारं इथे फक्त एकदा.

आता मालगाडीचे डबे सोडवावेत तसा हा शब्द सोडवू. 'न्यूमोनो' म्हणजे फुप्फुस, हे ग्रीकमधून आलं. 'अल्ट्रामायक्रोस्कोपिक' म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाही इतकं बारीक. 'सिलिको' म्हणजे सिलिका, वाळूत आणि दगडात असतं ते खनिज. 'व्हॉल्कॅनो' म्हणजे ज्वालामुखी. 'कोनि' हा ग्रीक 'कोनिस'मधून आलेला तुकडा, अर्थ धूळ. आणि शेवटचं 'ओसिस' आजारांच्या नावांना लागतं. सगळे डबे पुन्हा जोडा: ज्वालामुखीतली अतिबारीक सिलिकाची धूळ श्वासातून आत गेल्यामुळे होणारा फुप्फुसांचा आजार.

वाटतं ना, की एखाद्या मोठ्या डॉक्टरने प्रयोगशाळेत बसून हे नाव दिलं असेल? तसं काही नाही. हा शब्द बनवला शब्दकोडी सोडवणाऱ्यांनी! फेब्रुवारी १९३५, न्यूयॉर्क. 'नॅशनल पझलर्स लीग' नावाच्या कोडेप्रेमींच्या संघटनेची बैठक होती. तिचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी हा शब्द तिथे मांडला. 'न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यून'ने त्याची बातमी छापली, पुढे डिक्शनऱ्यांनीही त्याला जागा दिली. ऑक्सफर्डची डिक्शनरी मात्र स्पष्ट सांगते, की हा बनवलेला शब्द आहे आणि तो मुख्यतः लांब शब्दाचं उदाहरण म्हणूनच वापरला जातो.

डॉक्टर या आजाराला साधं सिलिकोसिस म्हणतात. ते नाव १८७० पासून आहे. म्हणजे शब्द गंमत म्हणून जन्माला आला, पण आजार शंभर टक्के खरा आहे. आणि तो तेव्हाच, त्याच देशात, माणसं मारत होता.

तर आता न्यूयॉर्क सोडू आणि वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ राज्यात जाऊ. साल १९३०. महामंदी सुरू झालेली, हाताला काम नाही. तिथे हॉक्स नेस्ट नावाच्या ठिकाणी एका नदीचं पाणी डोंगराच्या पोटातून वळवून वीज बनवायची होती. त्यासाठी सुमारे ५ किलोमीटरचा बोगदा खणायचा होता. हजारो मजूर आले. बोगद्याच्या आत राबणाऱ्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, दक्षिणेकडच्या राज्यांतून पोटासाठी आलेले.

डोंगराचा दगड म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. असा दगड फोडताना ड्रिलवर पाणी मारलं, तर धूळ खाली बसते. पण पाणी मारत काम केलं की वेळ जातो. म्हणून ड्रिल कोरडंच चाललं. आत इतकी पांढरी धूळ, की समोरचा माणूस दिसेना. पुढे संसदेच्या समितीसमोर साक्षी झाल्या. त्यांत हेही आलं, की पाहणीला येणारे साहेब लोक मास्क लावून आत जायचे, मजुरांना मात्र मास्क दिले नव्हते.

सिलिकोसिस सहसा दहा-वीस वर्षांत डोकं वर काढतो. इथे धूळ इतकी होती, की काही महिन्यांतच माणसं धापा टाकू लागली. धुळीचे कण फुप्फुसात रुततात, भोवती व्रण धरतात, फुप्फुस कडक होत जातं. त्यावर आजही बरं करणारं औषध नाही.

किती गेले? तिथे लावलेल्या सरकारी फलकावर कबूल केलेले मृत्यू १०९ आहेत. संसदेच्या समितीपुढे आलेला आकडा ४७६. पुढे १९८६ मध्ये मार्टिन चर्नियॅक या डॉक्टरांनी या घटनेवर पुस्तक लिहिलं, त्यांचा अंदाज ७६४. अनेक मजूर आजारी पडल्यावर आपापल्या गावी परतले आणि तिकडेच गेले, म्हणून पक्का हिशोब कधी लागलाच नाही.

हा प्रकल्प कोणत्या कंपनीचा होता माहितेय? युनियन कार्बाइड. होय, तीच. १९८४ मध्ये भोपाळमध्ये ज्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तो तिच्याच भारतीय उपकंपनीचा होता.

आता त्या ४५ अक्षरांकडे पुन्हा बघा. त्यात फुप्फुस आहे, धूळ आहे, सिलिका आहे. आणि ती धूळ कुठून आली? ज्वालामुखीतून! म्हणजे दोष निसर्गाचा. हॉक्स नेस्टला काही ज्वालामुखी फुटला नव्हता. तिथे कोरडं ड्रिल होतं, न दिलेले मास्क होते आणि घाई होती. यातलं काहीही त्या शब्दात नाही. स्मिथसाहेबांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना फक्त विक्रमी लांबीचा शब्द हवा होता. पण तो पाठ करताना आपण अर्थ मात्र अर्धाच पाठ करतो.

जाता जाता अजून एक लांब शब्द घ्या: फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन. २९ अक्षरं, त्यात 'आय' ९ वेळा आणि 'ई' एकदाही नाही. 'क्षुल्लक', 'कवडीमोल' अशा अर्थाचे चार लॅटिन शब्द एकापुढे एक जोडून तो बनलाय. अर्थ: एखाद्या गोष्टीला कवडीचीही किंमत नाही असं ठरवणं. हॉक्स नेस्टमध्ये मजुरांच्या जिवाचं जे झालं, त्याला हा शब्द नेमका लागू पडतो.

आणि ही फक्त जुन्या काळची गोष्ट नाही हं. जीन्सला जुना, फिकट लूक द्यायला तिच्यावर जोराने वाळूचा मारा करायचे. तो करणाऱ्या तरुण कामगारांना सिलिकोसिस झाला, म्हणून तुर्कस्तानने २००९ मध्ये त्यावर बंदी घातली. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी कृत्रिम क्वार्ट्झचे दगड मिळतात, त्यांच्यावर ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून बंदी आणली, कारण तेच, कापणाऱ्यांची फुप्फुसं. आपल्याकडे मध्य प्रदेशात मंदसौरचे पाटीवरच्या पेन्सिली बनवणारे कामगार आणि गुजरातेत खंबातचे अकीक घासणारे कारागीर याच आजाराने गेले. कायद्यात सिलिकोसिसची नोंद आहे, म्हणजे असा रुग्ण सापडला तर सरकारला कळवणं बंधनकारक आहे.

उपाय तर १९३० मध्येही माहीत होते: पाणी मारा, हवा खेळती ठेवा, मास्क द्या. तेव्हा पुढच्या वेळी कुणी हा शब्द एका दमात म्हणून दाखवला, तर टाळ्या जरूर वाजवा. मग त्याला हॉक्स नेस्टची गोष्टही सांगा. आणि रस्त्यात कुठे कोरडा दगड कापत असलेला माणूस तोंडाला नुसता रुमाल बांधून बसलेला दिसला, तर त्या धुळीत काय असतं हे आता तुम्हाला माहीत आहे.