छावणी, लीद आणि शेजार

जबलपूरला आल्यापासून सदर बाजारातून जाता-येता 'छावणी' हा शब्द रोज कानावर पडतो. इथल्या हिंदीत त्याचा अर्थ कँटोन्मेंट. आपल्या जुन्या मराठी कागदांत मात्र छावणी म्हणजे फौजेचा पावसाळी मुक्काम. दसऱ्याला स्वारी बाहेर पडायची, पावसाआधी परतायची आणि चार महिने घोडी शाकारलेल्या पागांत बांधलेली. म्हणजे शेकडो घोडी चार महिने कुणाच्या तरी गावाला खेटून. कुरबुर होणारच.

या शेजाराबद्दलचा आपल्याकडचा सर्वांत चांगला कागद म्हणजे शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना गेलेलं पत्र. राज्याभिषेकाच्या आसपासचं. त्यातला हिशोब कुठल्याही क्वार्टरमास्टरला पटेल. दाणावैरण आत्ताच उधळलीत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, कुणी दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी लाकूडफाटा. रयत म्हणेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. जे हवं ते बाजारातून विकत घ्या. गंजीजवळ चूल पेटवू नका, तंबाखू ओढू नका, आणि रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवतो. राजा उंदरापर्यंत विचार करतो, याचं मला दर वाचनात नवल वाटतं.

या पत्रात लिदीचा मात्र उल्लेख नाही. एक घोडा दिवसाला 15 ते 20 किलो लीद टाकतो. पाचशे घोड्यांची रोजची आठ-दहा टन, म्हणजे पंधरा-वीस बैलगाड्या! तरी तक्रार नाही. माझा अंदाज असा, की भाताच्या रोपांसाठी राब भाजायला शेण आणि पालापाचोळा वर्षभर जमवणाऱ्या कोकणी शेतकऱ्याला लीद हा उपद्रव वाटलाच नसेल. भांडण घोड्याच्या तोंडात काय जातं त्याचं होतं, मागून काय पडतं त्याचं नव्हे.

ते पत्र विसरलं गेलं की काय होतं, तेही इथे बसून आठवतं. जबलपूर 1781 मध्ये मराठ्यांकडे आलं, 1798 ला नागपूरकर भोसल्यांना मिळालं आणि डिसेंबर 1817 मध्ये इंग्रजांनी घेतलं. याच भोसल्यांच्या घोडदळाने 1740 च्या दशकात बंगालवर स्वाऱ्या केल्या. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. बंगालीत त्याचा 'बर्गी' झाला आणि आजही तिथल्या अंगाईत मुलांना त्याचीच भीती घालतात. एका बंगाली सहकाऱ्याने मला हे हसत सांगितलं. मला फारसं हसू आलं नाही.

लिदीचं भांडण इंग्रजी कँटोन्मेंटमध्ये सुरू झालं. 1863 च्या रॉयल कमिशनने हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेत वर्षाला हजारी 69 मृत्यू मोजले, बहुतेक रोगाने. पुढच्याच वर्षी कँटोन्मेंटचा कायदा आला आणि सफाई हुकमाची बाब झाली. पुढे माशीवर लक्ष गेलं. ती ताज्या लिदीत अंडी घालते. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत नवी माशी तयार, आणि तिला पागा कुठली नि शेजाऱ्याचं स्वयंपाकघर कुठलं, हे कळत नाही. आठवड्याच्या आत लीद हलवायची, ढीग घट्ट रचायचा, म्हणजे आतल्या उष्णतेने अळ्या मरतात. उपाय एवढाच.

माझ्या आधीच्या एका पोस्टिंगवर सकाळची रपेट वस्तीच्या रस्त्यावरून जायची. फाटकासमोर लीद पडायची, लोक चिडायचे, कुणी पत्रही लिहिलं होतं. आमच्या रिसालदार साहेबांनी वाद घातला नाही. शेवटच्या घोड्यामागे सायकलवर एक सईस, कॅरियरला घमेलं, हातात खराटा. लीद पागेमागच्या खड्ड्यात तीन-चार महिने कुजवायची, कारण ताजी घातली तर रोपं जळतात. मग रविवारी सकाळी फाटक उघडं. पहिल्या रविवारी दोघे आले. पावसाळ्याच्या तोंडावर गोणी घेऊन रांग लागली, तेव्हा पत्र लिहिणारे गृहस्थ पुढेच उभे होते आणि माणशी दोनच गोणी का, म्हणून सईसाशी हुज्जत घालत होते.